ते लोक निघून गेले

युरोपचा इतिहास मी पहिल्यांदा शिकले तो बीड जिल्ह्यातल्या वडवणीत, पत्र्याच्या एका हॉलमध्ये, माझ्या चुलत भावाकडून. दादा तलाठी भरतीचा क्लास चालवतो. त्याच्या नोट्समध्ये दुसरं महायुद्ध दीड पानात संपायचं. कारणे, परिणाम, जोड्या लावा. कोट्यवधी माणसं गिळलेलं युद्ध आम्ही एका बैठकीत पाठ केलं आणि पुढच्या तासाला पंचायत राज सुरू केलं. ज्यू लोकांचं काय झालं याची एक ओळ होती. तिच्यापुढं दादानं कंसात लिहून दिलं होतं, 'आजवर विचारलेलं नाही.' त्यामुळं ती ओळ कुणी वाचलीच नाही.

परीक्षेत मी काही निघाले नाही. नर्सिंग केलं, बीडला दवाखान्यात नोकरी केली, मग पुण्यात राहून जर्मन शिकले आणि तिकडं गेले. गावात बातमी झाली की ऊसतोड्याची पोरगी जर्मनीत म्हाताऱ्या धुवायला गेली. बातमी खरीच होती. फक्त सांगणाऱ्यांचा सूर असा असायचा, की त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या आपोआप धुतल्या जातात.

मी ज्या वृद्धाश्रमात लागले तो एका लहानशा, नीटनेटक्या गावात होता. इतकं नीटनेटकं, की पहिले काही महिने मला तिथं खोकायचीही भीती वाटायची. रस्त्यात काही घरांच्या दारासमोर फरशीत पितळेचे छोटे चौकोन बसवलेले होते. त्यावर नावं. त्या घरातून ज्यांना पकडून नेलं आणि मारलं, त्यांची. माझ्या कामावरच्या एका बाईनं सांगितलं तेव्हा मी तिथंच उभी राहिले. आपल्याकडं पायाखाली नाव आलं तर लोक दंगल करतील, आणि इथं हे लोक स्वतःच्या पापाची पाटी स्वतःच लावतात, असं मला वाटलं. मी भारावून गेले. परदेशात गेलेल्या आपल्या माणसाला भारावून जाण्याची लईच घाई असते.

शेजारच्या शहरात मराठी मंडळ होतं. त्यांनी एकदा सहल काढली, छळछावणीचं स्मारक बघायला. गाड्या लावायच्या जागी दशम्या, चटणी आणि थर्मासचा चहा. आत सगळे गप्प होते, एवढं कबूल करते. बाहेर आल्यावर मात्र कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ हातावरचा चिवडा झटकत म्हणाले, "झालं ते वाईटच. पण शिस्त बघा. रस्ते बघा. ती त्यानंच लावली ना?" बायकांनी माना हलवल्या. मग फाटकासमोर ग्रुप फोटो झाला. मी फोटोत नाही, कारण फोटो मी काढला.

आमच्या वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या खोलीत एक बाई होत्या. नव्वदी ओलांडलेल्या, ताठ, केस रोज विंचरून हवेत. चहा नाही, कॉफीच, आणि तीही टेबलावर कापड अंथरल्याशिवाय नाही. ते कापड पांढरं, जाड, एका कोपऱ्यात पांढऱ्याच दोऱ्यानं दोन अक्षरं भरलेली. आमच्याकडं प्रत्येकाच्या कपड्याला नावाची पट्टी शिवलेली असायची, नाहीतर धुलाईत अदलाबदल व्हायची. म्हणून अक्षरं बघायची मला सवय. कापडावरची दोन अक्षरं बाईंच्या नावाची नव्हती. माहेरच्या नावाचीही नव्हती. मी काही विचारलं नाही. दुसऱ्याच्या नावाचं कापड पुण्याच्या जुन्या बाजारातही मिळतं.

बाईंची मुलगी दर आठवड्याला यायची. स्वतः साठीच्या पुढची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. गावातल्या पितळी चौकोनांची समिती तीच चालवायची. हिवाळ्याच्या तोंडाला गुडघ्याखाली उशी घेऊन ती ते चौकोन घासून लखलखीत करायची आणि वर्तमानपत्रात फोटो यायचा. मला एकदा म्हणाली, "आम्ही विसरत नाही. हे आमच्या देशाचं मोठेपण आहे." मी हो म्हटलं. तेव्हा मला ते पटलंही होतं.

एक दिवस ती शाळेतली मुलं घेऊन आली. आईची मुलाखत घ्यायची होती. युद्ध पाहिलेली माणसं आता थोडी उरली, म्हणून त्यांना फार मान. मुलांनी फोन उभे केले. मी कापड अंथरलं, कॉफी ठेवली आणि बाईंना पाणी लागेल म्हणून शेजारी बसले. बाईंनी सगळं सांगितलं. भोंगे, तळघर, बटाट्याच्या सालींचं सूप, रशियातून परत न आलेला बाप. मुलं हळहळली. मलाही वाईट वाटलं, भूक मी ओळखते.

एका मुलीनं विचारलं, "तुमच्या वर्गात ज्यू मुलं होती का?"

"एक मुलगी होती."

"तिचं काय झालं?"

"ते लोक निघून गेले," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"निघून गेले," बाई पुन्हा म्हणाल्या आणि कपाकडं बघू लागल्या. मुलीनं वहीत टीप घेतली. बाईंच्या मुलीनं घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांचे आभार मानले.

मुलं गेल्यावर मी टेबल आवरत होते. कापडावर कॉफी सांडली होती. बाई एकदम म्हणाल्या, "सिस्टर, थंड पाण्यात टाका. तिच्या वाढदिवसालाही कोको सांडला होता, तिच्या आईनं थंड पाण्यातच टाकलं."

"कुणाच्या?"

"त्या मुलीच्या. मी गेले होते ना. या कापडावर केक खाल्लाय मी." बाई अगदी सहज बोलत होत्या, मागच्या आठवड्यातलं काही सांगावं तशा. "नंतर शाळेच्या व्यायामशाळेत त्यांचं सामान मांडलं होतं. लिलाव. सगळं गाव आलं होतं. आईनं हे घेतलं. मी आईला म्हटलं, हे तर तिचं आहे. आई म्हणाली, होतं."

मी कापड टेबलावरून उचललं. बाईंनी माझ्या हातातलं कापड चिमटीत धरून पाहिलं.

"असं कापड आता मिळत नाही," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसायला हवं होतं, असं नंतर आमच्या मॅनेजरबाईंनी मला समजावलं. मी गप्प बसले नाही. पुढच्या आठवड्यात मुलगी आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, हिला धक्का बसेल आणि मग ही माझे आभार मानेल. जिनं आयुष्यभर लोकांच्या दारापुढचं पितळ घासलं, तिला स्वतःच्या आईच्या टेबलावरचं कापड नको का कळायला? तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "आई आता गोंधळते. पाहिलेलं आणि वाचलेलं यात तिची गल्लत होते." मग माझ्या दंडावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाली, "आमचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. बाहेरच्या माणसाला तो लवकर समजत नाही."

नंतर ती आईसमोर बसून कॉफी प्यायली. त्याच कापडावर. कप उचलताना तिचं बोट कोपऱ्यातल्या अक्षरांवर टेकलेलं मला दिसलं. ते तिथून हललं नाही.

त्या दिवसापासून पितळी चौकोन ओलांडताना मला हसू यायचं. परक्याची आठवण घासून चमकवायला यांना फार आवडतं. घरातलं ताट मात्र कुणी उलटं करून पाहत नाही.

अशी डोक्यात हवा घेऊन मी सप्टेंबरात रजेवर गावी आले. आई-वडील दसऱ्यानंतर कारखान्याला जाणार होते, त्याआधी त्यांना भेटायचं होतं. ते दरसाल ऊस तोडायला जायचे तेव्हा मी लहानपणी काकांच्या, म्हणजे दादाच्या वडलांच्या घरी राहायची. काकांना तोडीला जावं लागत नव्हतं. त्यांच्या वाट्याला विहिरीचं वावर होतं. ते आजोबांनी त्यांना दिलं आणि माझ्या वडलांना माळ दिला. दोन घरांतला फरक तेवढाच.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला दादानं क्लासमध्ये झेंडावंदन ठेवलं होतं, आणि त्यानंतर माझं भाषण. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'युरोप: काल आणि आज'. पोरं हॉलभर. मी त्यांना ते कापड सांगितलं, व्यायामशाळेतला लिलाव सांगितला, 'निघून गेले' सांगितलं. पोरांच्या माना खाली, फोनमध्ये. शेवटी दादानं प्रश्न विचारा म्हटलं. पहिला प्रश्न, तिकडं पगार किती. दुसरा, व्हिसाला काय लागतं. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतला एक उंच पोरगा उठला.

"मॅडम, पण तो माणूस डिसिप्लिनचा व्हता ना? आपल्याकडं तसाच येक पायजे."

टाळ्या पडल्या. दादानं हसून मान डोलावली. एमए, इतिहास, पहिला वर्ग. माझ्या मनात आलं, दीड पानात आणखी काय मावणार होतं?

भाषणानंतर पोरांना जेवण होतं. क्लासच्या मागच्या मोकळ्या जागेत तीन दगडांवर आमच्या घरातली तांब्याची देग चढवली होती. लग्नाकार्याला भात शिजवायची ती देग, दोन माणसांनी उचलावी एवढी मोठी. काका डोक्याला फेटा बांधून खुर्चीत बसले होते आणि आजोबांनी रझाकारांशी कशी टक्कर दिली ते जमेल त्याला सांगत होते. काकू मसालेभात हलवत होती. मी मदतीला गेले. देगेच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली, मला वाचता न येणारी उर्दू वळणाची अक्षरं होती. ती मी लहानपणापासून पाहत आले होते. तेव्हा विचारलं होतं तर काका म्हणाले होते, "कंपनीचं नाव हाय ते."

आपल्याकडं भांड्यावर कंपनीचं नाव कधीपासून घालायला लागले? भांड्यावर माणसाचं नाव घालतात. हे कळायला मला जर्मनीपर्यंत जाऊन यावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

मी फोटो काढला आणि वृद्धाश्रमात माझ्यासोबत काम करणाऱ्या सीरियाच्या, अरबी वाचणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. भात खाली उतरवायच्या आत तिचा व्हॉइस मेसेज आला. एका माणसाचं नाव होतं. पुढं तिला न कळलेला एक शब्द होता, तो तिनं एकेक अक्षर लावून वाचून दाखवला. ते आमच्या गावाचं नाव होतं.

पोरं पांगल्यावर मी काकांना ते नाव सांगितलं. "काका, हे कोण?"

काकांनी आधी दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पिंजारी व्हता येक. गेले ते लोक."

"कुठं गेले?"

"निगून गेले. हैद्राबादला गेलते म्हनत्यात."

"कावून गेले?"

"रझाकार व्हते."

"पिंजारी रझाकार होता? कापूस पिंजणारा?"

"सगळे येकच!" काकांचा आवाज चढला. "पोलिस ॲक्शन झाली, गेले. भांडी तशीच पडली व्हती घरात. कुत्र्या-मांजरानं न्यायची का?"

रझाकारांनी काय केलं ते मला माहीत आहे. माझ्या आजीच्या माहेरचं घर त्यांनीच जाळलं, आणि ते आमच्या घरात दरवर्षी सांगितलं जातं, आणि सांगायलाच हवं. पण नंतर काय झालं ते कधी कुणी सांगितलं नाही. दादानं मध्ये पडून समजुतीच्या सुरात म्हटलं, "अगं, ते वेगळं, हे वेगळं. तिकडं सरकारनं केलं. इथं परिस्थिती होती." मी त्याला विचारलं, तुझ्या नोट्समध्ये मुक्तिसंग्रामानंतरच्या दिवसांवर किती ओळी आहेत. तो म्हणाला, "विचारत नाहीत."

मी एवढी चिडले होते की भात न खाता उठले. काकू माझ्यामागं आली. देग घासायच्या निमित्तानं मला हौदाकडं घेऊन गेली आणि राख हातावर घेऊन, मान वर न करता बोलायला लागली.

"आत्याबाईंनी मला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी. "त्या पिंजाऱ्याची बायको येकदा आलती. लई वर्सांनी. दारात हुबी ऱ्हायली आन् पानी मागितलं. आत्याबाईंनी दिलं. अंगनात ही देग पालथी घातलेली व्हती. बाई पानी पिऊस्तवर देगेकडं बगत व्हती. देगेचा येक सबद काढला न्हाई. पान्याचं भांडं पालथं घातलं आन् गेली."

"मग?"

"मग काय? आत्याबाई त्या दिशी जेवल्या न्हाईत. दिंद्रुडला लेकीकडं ऱ्हाती म्हनली व्हती ती."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं तेलगावला गेले, गाडी बदलली आणि दिंद्रुडला उतरले. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. मनात कुठंतरी चित्र होतं की मी सांगेन, ते रडतील, आणि मी काकांच्या नाकावर टिच्चून देग परत करीन. पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायच्या एका दुकानात मी ते नाव सांगून विचारलं. तांब्याच्या तारेचा गुंडाळा हातात घेऊन बसलेला माणूस माझ्याच वयाचा होता. त्यानं मला नीट पाहून घेतलं आणि स्टूल पुढं केलं.

"बसा ताई. माझ्या दादीच्या आब्बाचं नाव हाय ते. तुमी कुठल्या?"

मी गाव सांगितलं. तार गुंडाळणारा हात थांबला.

"तुमच्या दादी काय सांगायच्या गावाचं?" मी विचारलं.

"काय बी न्हाई. गावाचं नाव निगालं की उठून आत जायची. येकदाच म्हनली व्हती, आपल्या इहिरीचं पानी लई ग्वाड व्हतं."

मी देगेचं सांगितलं. तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, तेच मला झोंबलं.

"परत द्यायला आलात?"

"विचारायला आले."

"देगच देनार का ताई? इहिरीचं वावर कोन करतंय आता?"

भाषणात मी व्यायामशाळेतल्या लिलावावर किती तावातावानं बोलले होते. पितळ घासणाऱ्या बाईला मनातल्या मनात किती नावं ठेवली होती. त्या विहिरीत मी पोहायला शिकले. त्या वावरातल्या ज्वारीची भाकरी खाऊन मोठी झाले.

"आम्हीच," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत तो तार गुंडाळत राहिला. मी निघाले तेव्हा दुकानाच्या पायरीपर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे कुठं लिहू-बिहू नका ताई. आमाला हितं धंदा करायचाय."

म्हणून मी नाव लिहिलेलं नाही, आणि त्याचं गाव, दुकान जसं होतं तसं सांगितलेलं नाही.

घरी परतले तर अंगणात देग नव्हती. काकांनी सकाळीच टेम्पो बोलावून ती बीडला मोडीत पाठवली होती. "घे आता, काढ फोटो," ते मला म्हणाले. आजोबांनी रझाकारांशी टक्कर दिल्याचं वर्षानुवर्षं सांगणारा हा माणूस एका जुन्या भांड्याला घाबरला. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. ते पुढं माझ्याशी बोलले नाहीत, दादाही नाही. वडलांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, माळावरच्या माणसानं विहिरीवरच्या माणसाशी भांडू नये. त्यांचं आयुष्य या एका वाक्यावर गेलं.

निघायच्या दिवशी वडवणीच्या स्टँडवर मला सोडायला आई आली आणि तिच्यामागून काकू. काकू घरी काय सांगून निघाली ते मी विचारलं नाही. गाडी लागली तेव्हा तिनं माझी पिशवी आत सरकवली आणि खिडकीशी येऊन उभी राहिली.

"काकांना काय विचारू नकोस आता," ती म्हणाली.

"बरं."

"मला विचार. फोन कर दुपारचा, ते वावरात गेल्यावर." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "निगून गेलेलं ते येकच घर नव्हतं बाई."